संगणकावरील खोटे अपडेट : ओळख आणि बचाव

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण हा आपला पट्टा यंत्रांचा पट्टा आहे. १९५४ साली स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आणि त्यामागून आलेले लहान-मोठे कारखाने यांच्या आधाराने राज्याच्या अनेक भागांतील कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. त्या पहिल्या पिढीला शॉपमध्ये पाऊल टाकताच एक धडा मिळत असे : चालू मशीनमध्ये हात घालायचा नाही आणि गार्ड काढून काम करायचे नाही. प्रेसमध्ये बोट गेले की ते परत येत नाही, हे ज्यांनी पाहिले होते त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नसे.

आज त्याच घरांतील मुलेमुली संगणकावर आणि मोबाईलवर काम करतात. कोणी वर्कशॉपच्या ऑफिसात चलन आणि ई-वे बिल तयार करते, कोणी ग्राहक कंपनीने पाठवलेले ड्रॉइंग उघडते, कोणी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, तर कोणी अभ्यासिकेत बसून जुन्या प्रश्नपत्रिका शोधते. या कामातही बोट जाण्यासारखे धोके आहेत. फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि रक्त सांडत नाही. त्यांपैकी एका फसव्या प्रकाराची माहिती समाजबांधवांना, विशेषतः विद्यार्थ्यांना व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तो प्रकार म्हणजे ब्राउझरचे खोटे अपडेट.

प्रसंग कसा घडतो?

क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी या ज्या प्रोग्रॅममधून आपण इंटरनेटवरील पाने पाहतो, त्याला ब्राउझर म्हणतात. समजा, भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये ऑफिस सांभाळणारा मुलगा एखाद्या अर्जाचा नमुना शोधत आहे. शोधयंत्राने दाखवलेल्या यादीतील एका संकेतस्थळावर तो जातो. संकेतस्थळ चांगले आहे, अनेकांच्या वापरातले आहे. पण पान उघडताच मजकूर झाकला जातो आणि समोर एक पाटी येते : 'तुमचा क्रोम ब्राउझर जुना झाला आहे. पुढे जाण्यासाठी अपडेट करा.' खाली निळे बटण असते. क्रोमचे बोधचिन्ह हुबेहूब असते. फायरफॉक्स वापरणाऱ्याला फायरफॉक्सची, तर एज वापरणाऱ्याला एजची पाटी दिसते. मुलाला वाटते, संगणकाला कसे बरोबर कळले! तो बटण दाबतो, एक फाईल उतरते, तो ती उघडतो. क्षणभर काहीच घडत नाही. मग तो पान बंद करतो आणि जेवायला जातो.

वस्तुतः कोणता ब्राउझर वापरला जात आहे हे प्रत्येक संकेतस्थळाला आपोआप समजत असते. त्यात जादू काहीच नाही. आणि 'काहीच घडले नाही' असे जे वाटले, तेच मुळात खरे नसते.

संकेतस्थळ चांगले, मग पाटी खोटी कशी?

हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. उत्तर असे की, चोर स्वतःचे दुकान मांडत नाही. तो दुसऱ्याच्या चांगल्या दुकानात शिरून आपली पाटी टांगतो. अनेक संस्था व लहान धंद्यांची संकेतस्थळे तयार सामग्रीवर उभी केलेली असतात आणि नंतर त्यांची देखभाल होत नाही. अशा संकेतस्थळाचा पासवर्ड चोरून किंवा त्यातील एखादी फट शोधून चोर दोन-चार ओळींचा प्रोग्रॅम आत घालून ठेवतात. मालकाला पत्ताही नसतो.

या पद्धतीच्या एका टोळीच्या कामाला संगणक-सुरक्षेचे तज्ज्ञ 'सॉकगोलिश' किंवा 'फेकअपडेट्स' या नावाने ओळखतात. निदान २०१८ पासून या प्रकारावर जाहीर लेखन झालेले आहे. अमेरिकेत २०२२ साली वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांना चित्रफिती व जाहिराती पुरवणाऱ्या एका कंपनीतच हा प्रोग्रॅम घुसवण्यात आला, तेव्हा २५० हून अधिक वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरून तो वाचकांपुढे जाऊ शकत होता. म्हणजे 'मी तर वर्तमानपत्रच वाचत होतो' हा बचाव पुरेसा नाही.

या टोळ्यांची आणखी एक चलाखी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ही पाटी प्रत्येकाला दिसत नाही. शोधयंत्रातून आलेल्या नव्या माणसाला ती दाखवली जाते आणि एकदा दाखवली की त्याच माणसाला सहसा पुन्हा दाखवली जात नाही. संकेतस्थळ सांभाळणारा माणूस तपासायला येतो तेव्हा तर ती मुद्दाम लपवली जाते. त्यामुळे मुलगा साहेबांना बोलावून पाटी दाखवायला जातो, तेव्हा तेथे काहीच नसते. 'तुला भास झाला' म्हणून विषय संपतो. आपल्या माणसाने असे काही सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवावा, हे यातून शिकण्यासारखे आहे.

फाईल उघडल्यावर काय होते?

उतरलेली फाईल बहुधा झिप, जेएस, ईएक्सई किंवा एमएसआय अशा अक्षरांनी संपते. ती उघडताच संगणक दूरच्या एखाद्या यंत्राशी गुपचूप संपर्क साधतो आणि स्वतःची माहिती कळवतो : नाव काय, वापरणारा कोण, हा घरातला एकटा संगणक आहे की कंपनीच्या जाळ्यातला. पुढचा निर्णय पलीकडचा माणूस घेतो.

घरातला संगणक असेल तर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलले जातात. त्याचबरोबर 'कुकी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान नोंदीही जातात. आपण मेलमध्ये एकदा शिरलो की दर वेळी पासवर्ड विचारला जात नाही, तो या नोंदींमुळेच. ती नोंद चोराच्या हाती गेली तर काही वेळा पासवर्ड किंवा ओटीपी न देताही तो आपल्या खात्यात शिरू शकतो. 'मी ओटीपी कोणालाच दिला नाही' असे सांगणारी व्यक्ती खोटे बोलत असते असे नाही.

संगणक कंपनीच्या जाळ्यातला असेल तर ती वाट खंडणीखोर टोळीला दिली जाते. ती टोळी काही तास किंवा काही दिवस शांतपणे फिरते, महत्त्वाच्या फायली शोधते आणि मग सर्व फायलींना कुलूप लावून पैसे मागते. जून २०२० मध्ये सिमँटेक कंपनीने जाहीर केले की, अमेरिकेतील ३० हून अधिक संस्थांवर 'वेस्टेडलॉकर' नावाच्या खंडणी-प्रोग्रॅमचा हल्ला करण्याची तयारी चालली होती आणि आत शिरण्याचा दरवाजा हेच खोटे अपडेट होते. आपल्याकडील जॉबवर्क करणाऱ्या लहान युनिटचा विचार करा. टॅलीचा हिशोब, जीएसटीच्या नोंदी, मशीनचे प्रोग्रॅम आणि ग्राहकाची ड्रॉइंग एकाच संगणकावर असतात. ते कुलूपबंद झाले तर महिनाअखेरचा पगारसुद्धा अडतो.

मग अपडेट करूच नये काय?

येथे एक मोठी चूक होण्याचा संभव आहे. ही माहिती ऐकून काही जण ठरवतात की, यापुढे अपडेट नावाची गोष्टच करायची नाही. ते मशीनला तेल घालणेच बंद करण्यासारखे होईल. ब्राउझर व संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये वेळोवेळी फटी सापडतात. त्या बुजवण्याचे साधन म्हणजे अपडेट.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणी-प्रोग्रॅम सुमारे १५० देशांत पसरला. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांचे काम कोलमडले, रेनॉचे फ्रान्समधील कारखाने थांबले, चेन्नईजवळच्या रेनॉ-निसान कारखान्यालाही त्याची झळ लागली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते ते सापडले.

त्याच वर्षी दुसरी बाजूही जगाने पाहिली. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधून पसरला. त्या देशात हिशोब व कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरचा अपडेट पाठवणारा संगणकच हल्लेखोरांनी ताब्यात घेतला होता. अपडेट म्हणून विषच घरोघरी पोहोचले. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक त्यात बंद पडले आणि आपल्या महाराष्ट्रात जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्या कंपनीच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. चाकण-भोसरीत तयार झालेल्या मालाचे कंटेनर याच बंदराकडे जातात, हे येथे आठवावे. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

हे उदाहरण आपल्या विषयाशी तंतोतंत जुळत नाही. तेथे पाटी खोटी नव्हती, खरा दरवाजाच फोडला गेला होता. ते सामान्य माणसाच्या हातातले नव्हते. पण असे प्रसंग विरळ असतात. त्यानंतर चारच महिन्यांनी, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी, 'बॅड रॅबिट' नावाचा खंडणी-प्रोग्रॅम पसरला. तो मात्र बातम्यांच्या संकेतस्थळांवर लावलेल्या फ्लॅश प्लेअरच्या खोट्या अपडेटमधून पसरला. लोकांनी स्वतःच्या हाताने फाईल उघडली. रशियातील एक वृत्तसंस्था आणि युक्रेनमधील ओडेसाचा विमानतळ त्यात सापडले. असा प्रसंग टाळणे पूर्णपणे आपल्या हातात असते.

तेव्हा नियम असा बांधावा : अपडेट घ्यायचेच, पण समोर येऊन उभ्या राहिलेल्या पाटीवरून घ्यायचे नाही. आपण होऊन ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूत जाऊन घ्यायचे.

खरे अपडेट कोठे मिळते?

क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यात वर तीन ठिपके असतात. ते दाबून 'मदत' आणि त्यानंतर 'गुगल क्रोमबद्दल' येथे जावे. नवे अपडेट असल्यास ते तेथे आपोआप उतरू लागते आणि शेवटी क्रोम पुन्हा सुरू करण्यास सांगितले जाते. एजमध्येही तीन ठिपक्यांतून मदतीच्या भागात 'एजबद्दल' अशी नोंद आहे. फायरफॉक्समध्ये ठिपक्यांऐवजी तीन आडव्या रेषा असतात. अँड्रॉइड मोबाईलवर प्ले स्टोअरमधून आणि आयफोनवर सफारीसाठी फोनच्या सेटिंगमधील सॉफ्टवेअर अपडेटमधून हे काम होते. या सर्व ठिकाणी कोणतीही फाईल वेगळी उतरवून उघडावी लागत नाही. हाच खऱ्या-खोट्यातील सर्वांत मोठा फरक आहे.

खोटी पाटी ओळखण्याच्या खुणा

१) पाटी पानाच्या आत असते. जेथे संकेतस्थळाचा पत्ता दिसतो त्या पट्टीच्या खालचा सर्व भाग संकेतस्थळाच्या ताब्यात असतो. तेथे कोणीही काहीही रंगवू शकतो. क्रोमची खरी सूचना त्या पट्टीच्या वर किंवा शेजारी, मेनूच्या कोपऱ्यात येते.

२) ती टॅब बंद केली की पाटीही नाहीशी होते. खरे अपडेट बाकी असेल तर ते कोणत्याही पानावर गेले तरी बाकीच राहते.

३) ती घाई करते. 'ताबडतोब', 'अन्यथा माहिती नष्ट होईल', उलटे मोजणारे घड्याळ, कर्कश आवाज, मदतीसाठी फोन नंबर. ब्राउझर कधीही फोन नंबर देत नाही.

४) ती बंद पडलेल्या वस्तूचे अपडेट देते. फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला आणि इंटरनेट एक्स्प्लोअररचा आधार १५ जून २०२२ रोजी संपला. यांच्या अपडेटची पाटी दिसली तर आणखी तपासण्याची गरजच नाही.

५) ती फाईल हातात देते किंवा काहीतरी टाईप करायला सांगते.

शेवटच्या खुणेविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. २०२४ पासून एक नवा प्रकार वाढला आहे. पान म्हणते की बिघाड दुरुस्त करण्यासाठी किंवा 'मी रोबोट नाही' हे सिद्ध करण्यासाठी कीबोर्डवरील विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर करा. माणसाला वाटते हा तपासणीचा भाग आहे. प्रत्यक्षात पानाने आधीच गुपचूप ठेवलेला हुकूम तो स्वतःच्या हाताने संगणकाला देत असतो. येथे फाईलसुद्धा दिसत नाही. कोणतेही संकेतस्थळ आपल्याला या कळा दाबायला सांगत असेल, तर ते पान तेथेच बंद करावे.

मोबाईलवर हाच खेळ एपीके फाईलच्या रूपाने होतो. एप्रिल २०२४ मध्ये उजेडात आलेला 'ब्रोकवेल' हा प्रोग्रॅम क्रोमच्या खोट्या अपडेटच्या पानावरून पसरवला जात होता. तो पडद्यावरील सर्व काही टिपतो आणि फोन दुरून चालवूही शकतो. म्हणून प्ले स्टोअरबाहेरून आलेली एपीके उघडू नये. एखादे ॲप 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागत असेल तर दहा वेळा विचार करावा, कारण त्या परवानगीने पडदा वाचता येतो आणि बटणेही दाबता येतात.

जुन्या संगणकाचा प्रश्न

आपल्या अनेक घरांत आणि लहान ऑफिसांत जुने संगणक आहेत. विंडोज ७ व ८.१ वर क्रोमची नवी आवृत्ती फेब्रुवारी २०२३ पासून मिळत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा संगणकावर खरे अपडेट येत नाही, काही पाने नीट उघडत नाहीत, आणि म्हणून खोट्या अपडेटची पाटी अधिक खरी वाटते. गरिबाच्या संगणकाला धोका जास्त, तो असा. नवीन संगणक घेणे शक्य नसेल, तर निदान बँकेचे काम त्या यंत्रावर करू नये. शक्य असल्यास जाणकाराकडून त्यावर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली बसवून घ्यावी.

चूक झालीच तर

फक्त पाटी दिसली असेल तर टॅब बंद करावी. घाबरण्याचे कारण नाही. पान बंद होत नसेल तर संगणक पुन्हा सुरू करावा. फाईल उतरली पण उघडली नसेल, तर ती डाउनलोड फोल्डरमधून काढून टाकावी व कचरापेटीही रिकामी करावी.

फाईल उघडली गेली असेल, किंवा वर सांगितलेल्या कळा दाबल्या गेल्या असतील, तर प्रथम इंटरनेट तोडावे. तार असेल तर तार उपसावी, वायफाय असेल तर बंद करावे. मोबाईल असेल तर एअरप्लेन मोडवर टाकावा. त्यानंतर दुसऱ्या, चांगल्या यंत्रावरून सर्वांत आधी मेलचा पासवर्ड बदलावा आणि 'सर्व यंत्रांवरून बाहेर पडा' हा पर्याय निवडावा. मग बँकेचे आणि इतर पासवर्ड बदलावेत. त्या बाधित संगणकावरून पासवर्ड बदलणे म्हणजे चोरासमोरच नवी किल्ली करणे होय. संगणक जाणकाराकडून स्वच्छ करून किंवा सर्व काही पुन्हा नव्याने बसवूनच वापरात आणावा. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची मोफत साधने मिळतात.

पैसे गेले असतील तर बँकेला कळवून लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पिंपरी-चिंचवडसाठी १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. तेथेही तक्रार देता येते. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो, त्यामुळे येथे तास नव्हे, मिनिटे मोजावी लागतात.

घरी आणि ऑफिसात प्रत घेऊन ठेवण्याची सवयही लावावी. महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर तिलाही कुलूप लागते. मर्स्कचे उदाहरण पुन्हा पाहा. संपूर्ण जाळे पुन्हा उभे करण्यासाठी लागणारी एक मूळ नोंद त्यांना जगात कोठेही शाबूत मिळेना. ती अखेर आफ्रिकेतील घाना देशातील कार्यालयात मिळाली. कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. एवढ्या मोठ्या कंपनीला योगायोगाने मिळालेले संरक्षण आपण एक डिस्क काढून ठेवून मिळवू शकतो.

सर्वांत महत्त्वाचे

वर सांगितलेला ऑफिसमधील मुलगा जेवून परत आला आणि त्याला शंका आली असे धरू. तो काय करील? तो कंत्राटावर आहे. नोकरी जाईल, नुकसान पगारातून कापले जाईल या भीतीने तो बहुधा गप्प राहील. नेमके तेच तास चोरांना हवे असतात. घरातही असेच घडते. मुलगी वडिलांच्या रागाच्या भीतीने सांगत नाही. वडील मुलांपुढे कमीपणा वाटतो म्हणून सांगत नाहीत.

शॉपमध्ये अपघात झाला की आरडाओरड करून मशीन बंद करतात. चूक कोणाची हे नंतर पाहतात. संगणकाच्या बाबतीतही हाच रिवाज पडला पाहिजे. युनिट चालवणाऱ्या आपल्या बांधवांनी कामगारांना आजच सांगून ठेवावे की, चूक लगेच सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही. आईवडिलांनी मुलांना हेच सांगावे. आणि ज्या विद्यार्थ्यांना हे ज्ञान आहे त्यांनी आपल्या घरातील एका तरी मोठ्या माणसाला शेजारी बसवून ब्राउझरच्या मेनूतून खरे अपडेट कसे घ्यायचे ते एकदा करून दाखवावे. पाच मिनिटांचे काम आहे. एकदा खरा दरवाजा ज्याने पाहिला, त्याला खोटा दरवाजा दाखवून फसवणे कठीण जाते.